आईकडे तारणाची तारीख मागणाऱ्या भावाला काय सांगू?

पत्र

आदरणीय ताई, सलाम.

माझं माहेर भायखळ्याचं, सासर वसईचं. आई ७४ वर्षांची आहे. मूळची नगर जिल्ह्यातली, मिशनच्या बोर्डिंगात शिकली, नर्सिंग करून मुंबईला आली आणि निवृत्त होईपर्यंत महापालिकेच्या रुग्णालयात सिस्टर होती. तान्ही असताना बाप्तिस्मा झाला, पुढे दृढीकरण (जाणत्या वयात विश्वासाची कबुली देण्याचा विधी) झालं. आमची मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची. नाइट ड्यूटी सोडली तर आईने रविवारची उपासना चुकवल्याचं मला आठवत नाही.

माझा धाकटा भाऊ दोनेक वर्षांपासून मीरा रोडकडच्या एका संगतीत, म्हणजे प्रार्थनामंडळात, जातो. त्याची दारू सुटली, घरातली भांडणं थांबली. त्याबद्दल आम्ही देवाचे आभारच मानतो. पण आता तो आईच्या मागे लागला आहे. "आई, तुझं तारण कधी झालं? तारीख सांग." म्हणजे पापांतून सुटका होऊन देवाने आपलंसं केल्याचा दिवस. आईला तारीख सांगता येत नाही. तो म्हणतो, तू नामधारी ख्रिस्ती आहेस, आयुष्यभर केलेल्या सेवेवर विसंबून आहेस, आणि यशया सांगतो की आपली धर्मकृत्यं घाणेरड्या वस्त्रासारखी आहेत. पंडिता रमाबाईंचं तारणसुद्धा बाप्तिस्म्यानंतर झालं, असंही सांगतो. आईने पुन्हा पाण्यात बुडून बाप्तिस्मा घ्यावा, असा त्याचा हट्ट आहे.

आई तीन महिने प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, घेत नाही. रात्र रात्र जागी असते. माझ्या कॅथलिक सासूबाई म्हणतात, "नुसत्या विश्वासाने कसं होईल? कर्मं लागतात." भाऊ जी वचनं सांगतो ती बायबलमधलीच आहेत. मग आईचं खरंच चुकलं का? आणि आईची रोज विचारपूस करणाऱ्या आमच्या हिंदू शेजारीणकाकूंबद्दल तो जे बोलतो, ते तर मला लिहवतही नाही.

एक वाचक, वसई

उत्तर

प्रिय भगिनी, सप्रेम सलाम.

आधी कामाचं सांगते. तुमच्या मंडळीत पुढचं प्रभुभोजन ज्या रविवारी असेल, त्या रविवारी आईला घेऊन जा आणि तिला मेजाजवळ जाऊ द्या. भावाशी वाद मिटण्याची वाट बघू नका. तो वाद ख्रिस्ती जगात पाचशे वर्षं चालला आहे, तुमच्या भायखळ्याच्या बैठकीच्या खोलीत तो महिन्याभरात निकाली निघणार नाही. तोवर आईने उपाशी का राहावं?

ती मेजापासून दूर का राहिली असेल याचा मला अंदाज आहे. बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात, अयोग्य प्रकारे भाकर खाणारा स्वतःवर दंड ओढवून घेतो, अशा अर्थाचं वचन आहे. आपल्याकडे कित्येक भाविक बाया त्या वचनाच्या धाकाने आयुष्यभर मागच्या बाकावर बसून राहिल्या आहेत. पण तो अध्याय वरून वाचा. करिंथच्या मंडळीत काही जण आपापलं जेवण आधीच उरकून घेत, पिऊन झिंगत, आणि शेजारचा उपाशी राही. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता, असं म्हणून पौल चिडला आहे. आपल्याला तारणाची तारीख आठवत नाही या चिंतेने झोप उडालेल्या म्हातारीला उद्देशून ते लिहिलेलंच नाही. रात्रपाळी सोडली तर एकही रविवार न चुकवणाऱ्या सिस्टरला त्या अध्यायाने भिववावं, हे मला अगदी उफराटं वाटतं.

आता भावाचं बरोबर कुठे आहे ते बघू, कारण पुष्कळच बरोबर आहे. कृपेनेच, विश्वासाच्या द्वारे तारण झालं आहे, ते देवाचं दान आहे, कर्मांनी झालेलं नाही, म्हणजे कुणी फुशारकी मारू नये, हे इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात स्वच्छ लिहिलं आहे. ही काही मीरा रोडच्या संगतीने काढलेली नवी टूम नाही. तुमच्या आईच्या मंडळीचीही शिकवण हीच आहे, आणि दृढीकरणाच्या वर्गात ती हे शिकली असणार. भावाने आईला परकं काही सांगितलं नाही. तिचंच जे होतं ते उलटं धरून तिच्या अंगावर टाकलं. ते कसं, हे समजायला ही शिकवण मुळात कुणासाठी होती ते बघावं लागतं.

प्रोटेस्टंट चळवळ ज्याच्यापासून सुरू झाली तो मार्टिन लूथर १५०५ साली जर्मनीतल्या एरफुर्टच्या मठात गेला. उपास, जागरणं, तासन्‌तास पापनिवेदन, सगळं केलं. त्याचा त्रास हा, की आपण पुरेसं केलं का हा प्रश्न काही केल्या सुटेना. एक पाप कबूल करून खोलीत परतावं तो दुसरं आठवे. बाहेर तेव्हा क्षमापत्रांची विक्री चालली होती. पैसे भरा, मेलेल्या आप्तांच्या यातना कमी होतील, असं गोरगरिबांना सांगितलं जाई आणि त्यातला पैसा रोमच्या सेंट पीटर चर्चच्या बांधकामाला जाई. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी लूथरने या विक्रीविरुद्ध आपले ९५ मुद्दे मांडले, ते याच पार्श्वभूमीवर. रोमकरांस पत्र वाचताना त्याला जे उत्तर सापडलं त्याचा गाभा असा: तू पुरेसं केलंस का, हा प्रश्नच सोडून दे. ख्रिस्ताने पुरेसं केलं आहे. तू त्याच्याकडे बघ.

म्हणजे 'केवळ विश्वास' ही शिकवण घाबरलेल्या माणसाला धीर द्यायला आली. स्वतःला चाचपत बसलेल्या माणसाची नजर स्वतःवरून उचलून ख्रिस्तावर नेणं, एवढंच तिचं काम. आणि तुमचा भाऊ काय करतो आहे? आईची नजर पुन्हा तिच्या स्वतःवर आणून ठेवतो आहे. माझा विश्वास खरा होता का? कोणत्या दिवशी आला? तेव्हा रडू आलं होतं का? प्रार्थनेचे शब्द बरोबर होते का? हे प्रश्न एकदा सुरू झाले की विश्वास हेच एक कर्म होऊन बसतं, आणि तेही असं, की ते नीट पार पडलं की नाही हे कुणाला कधीच कळणार नाही. लूथर ज्या चक्रातून सुटला त्याच चक्रात भाऊ आईला घालतो आहे, आणि तेही लूथरचीच शिकवण पुढे करून.

तुमच्या आईला महापालिकेचं पेन्शन मिळत असेल, तर हयातीचा दाखला काय असतो ते तिला वेगळं सांगायला नको. आपण जिवंत आहोत हे जिवंत माणसाने दरवर्षी कागदावर सिद्ध करून द्यायचं. पेन्शन ऑफिसला तो लागतो, कारण ऑफिस आपल्याला ओळखत नाही. ज्याने जन्माच्या आधीपासून ओळखलं आहे, त्याच्यासमोर असला दाखला भरायची वेळ आईवर यावी, हे काही मला पटत नाही.

यशयाच्या त्या वचनाचं म्हणाल, तर ते ६४व्या अध्यायात एका प्रार्थनेत आलं आहे. उद्ध्वस्त झालेली प्रजा देवापुढे स्वतःबद्दल ते बोलते आहे. कबुलीच्या प्रार्थनेतलं वाक्य उचलून दुसऱ्याच्या, त्यातही आईच्या, आयुष्यावर शिक्का म्हणून मारायचं नसतं. भावाने ते स्वतःच्या प्रार्थनेत खुशाल म्हणावं. आपण सगळेच म्हणतो.

पुन्हा बाप्तिस्म्याबद्दल मात्र मी सौम्यपणे बोलणार नाही. लूथरचा जन्म १० नोव्हेंबर १४८३ चा. त्याचा बाप्तिस्मा झाला दुसऱ्या दिवशी, ११ नोव्हेंबरला. सेंट मार्टिनचा दिवस म्हणून नाव मार्टिन. एक दिवसाच्या त्या बाळाला विश्वास तो काय कळणार? आणि मोठेपणी मन खचलं की हाच माणूस स्वतःला काय बजावत असे? माझा बाप्तिस्मा झाला आहे. आपण विश्वास कधी धरला याची तारीख नव्हे, देवाने आपल्याला कधी धरलं याची खूण. तुमच्या आईने भावाला हेच चार शब्द सांगावेत, माझा बाप्तिस्मा झाला आहे, आणि चहा ठेवायला उठावं.

प्रौढ वयात, पाण्यात बुडूनच बाप्तिस्मा घ्यावा असं मानणाऱ्या जुन्या, प्रतिष्ठित मंडळ्या आहेत, आणि त्यांची बाजू विचारपूर्वक मांडलेली आहे, हेही सांगायला हवं. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन यांच्या जोडीला बॅप्टिस्ट आणि ब्रदरनही त्यात आले. तान्हेपणीचा आणि जाणतेपणीचा अशा दोन्ही पद्धती तिथे मान्य करून ही मंडळी एकत्र आली. बसून बोललं तर एका छपराखाली राहता येतं. पण ज्या क्षणी कुणी म्हणतं की पाण्यात बुडाल्याशिवाय तुझं तारण नाही, त्या क्षणी त्याने विश्वासाला एक कर्म जोडलं. मग ते 'केवळ विश्वासाने' उरलं कुठे? वधस्तंभावर शेजारी टांगलेल्या ज्या चोराला येशूने सुखलोकाचं वचन दिलं, त्याला कुणी नदीवर नेलं नव्हतं. भावाला हा प्रश्न नक्की विचारा. त्रागा न करता विचारा.

रमाबाईंचं उदाहरण त्याने दिलं ते चांगलं दिलं, फक्त पुरतं दिलं नाही. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे १९०७ मध्ये आपली साक्ष लिहिताना त्यांनी स्पष्ट सांगितलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, आणि तो काही वर्षांनी सापडला. हा अनुभव खोटा म्हणण्याचं धाडस कोण करील? पण मधल्या वर्षांत त्या काय करत होत्या? मार्च १८८९ मध्ये त्यांनी इथे मुंबईत, गिरगाव चौपाटीजवळ, शारदा सदन उघडलं. ज्या बालविधवांना घरी थारा नव्हता त्यांना जवळ केलं. पुढे पालट झाल्यावर त्या घरात साक्षी देत बसल्या का? १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन मरायला टेकलेल्या मुली घेऊन आल्या आणि केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणण्याचं काम तर १९२२ मध्ये डोळे मिटेपर्यंत चाललं. रमाबाईंनी स्वतःची साक्ष लिहिली. दुसऱ्या कुणाच्या आईची परीक्षा घ्यायला ती लिहिलेली नाही.

शिवाय सगळ्यांची वाट एकसारखी कुठे असते? नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला, डोंगरावरच्या प्रवचनाने ते झपाटले, आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याबरोबर नव्हत्या. त्या रडल्या, भांडल्या, विटाळचांडाळाच्या कल्पना एकेक करत गळून पडल्या, आणि काही वर्षांनी त्या आपल्या पायांनी आल्या. त्यांचा विश्वास नेमका कोणत्या दिवशी सुरू झाला ते कोण सांगणार? आणि ते नाही सांगता आलं म्हणून तो कमी भरतो का? तुमच्या भावाला तारीख आहे, कारण तो खड्ड्यात होता आणि त्यातून बाहेर काढला गेला. ती तारीख त्याने आयुष्यभर जपावी. तुमची आई त्या खड्ड्यात पडलीच नव्हती. तान्ही असताना जिला देवळात नेलं, जी बोर्डिंगात गीतं म्हणत वाढली, तिला असा एक दिवस कुठून आठवणार?

आता सासूबाई. त्यांच्या बाजूनेही वचन आहेच. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सरळ म्हटलं आहे की माणूस केवळ विश्वासाने नव्हे, तर क्रियांनी नीतिमान ठरतो. लूथरला हे पत्र इतकं जड गेलं की १५२२ च्या आपल्या प्रस्तावनेत त्याने त्याला गवताचं पत्र म्हटलं. (तरी बायबलमधून ते काढलं नाही, शेवटी नेऊन ठेवलं. त्याच्या रागाचीही एक मर्यादा होती.) पौल आणि याकोब दोघेही अब्राहामाचाच दाखला देतात, ही त्यातली गंमत आहे. पौल उत्पत्तीचा पंधरावा अध्याय काढतो: रात्र, वर तारे, मूलबाळ नसलेला म्हातारा, देवाचं वचन, आणि अब्राहामाने नुसता ठेवलेला विश्वास. याकोब बावीसावा काढतो: तोच अब्राहाम, पण आता मुलगा झालेला, आणि देवाच्या सांगण्यावरून त्याच मुलाला बळी द्यायला घेऊन डोंगर चढणारा. मध्ये बरीच वर्षं गेली आहेत. पौलापुढे अशी माणसं होती ज्यांना वाटे की नियम पाळून देवाला आपण बांधून घेतलं. याकोबापुढे वेगळीच होती. उघड्यानागड्या भावाला ती 'सुखाने जा, ऊब घे, तृप्त हो' म्हणून वाटेला लावत आणि देत काहीच नसत. भुतेही विश्वास धरतात आणि थरथर कापतात, हा टोमणा याकोबाने त्यांना मारला आहे. दुखणी दोन, म्हणून औषधं दोन. तुमच्या आईला याकोबाचं दुखणं नाही हे तर उघडच आहे, आणि तुमच्या पत्रावरून पौलाचंही दिसत नाही. आपल्या नोकरीच्या जोरावर स्वर्ग मिळेल, असं ती कधी म्हणाली आहे का? ते तिच्या तोंडी भावाने घातलं.

पण सासूबाईंचं चर्चसुद्धा, कर्मं करा आणि तारण मिळवा, असं शिकवत नाही. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने जानेवारी १५४७ मध्ये 'केवळ विश्वासाने' या मताचा निषेध केला, हे खरं. पण त्याच ठरावात असंही आहे की नीतिमान ठरवलं जाण्याआधीचं काहीही, ना विश्वास ना कर्म, ती कृपा कमावू शकत नाही. कृपा आधी, माणसाची साथ नंतर, आणि ती साथही कृपेच्याच बळावर, अशी त्यांची मांडणी आहे. ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये कॅथलिक चर्च आणि लूथरन वर्ल्ड फेडरेशन यांनी मिळून एक जाहीरनामा केला. देव आपल्याला स्वीकारतो तो केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासात, आपल्या कोणत्याही लायकीमुळे नव्हे; आणि तोच पवित्र आत्मा देऊन मन नवं करतो व सत्कृत्यांसाठी तयार करतो, अशा अर्थाचं वाक्य दोघांनी एकत्र लिहिलं. जुन्या निषेधांचा मारा या शिकवणुकीवर होत नाही, हेही मान्य केलं. २००६ मध्ये मेथडिस्ट त्यात आले, २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्या. सगळे फरक मिटले असं नाही. शुद्धिस्थान, पुण्यसंचय, संतांची मध्यस्थी यावर वसईच्या मंगळवारच्या नोवेनात एक ऐकाल आणि भायखळ्याच्या उपासनेत दुसरं. अनेक इव्हँजेलिकल मंडळ्यांना तो जाहीरनामा मान्यही नाही, तुमच्या भावाच्या संगतीला तर बहुधा नसेलच. पण सासूबाई आणि आई या दोन टोकांना उभ्या आहेत, हे चित्र तुम्ही मनातून काढून टाका. त्या दोघी तुम्हाला वाटतात त्यापेक्षा पुष्कळ जवळ आहेत.

एक फरक मात्र तुमच्या घरात उपयोगी पडेल. सासूबाईंना कुणी विचारलं, तुमचं तारण झालं का, तर त्या म्हणतील, ते देवाच्या हाती. आपल्यावर कृपा आहे हे कुणी विश्वासाच्या पक्केपणाने ठामपणे सांगू नये, असं ट्रेंटनेच म्हटलं आहे. भावाला हे अविश्वासाचं वाटेल. मला त्यात नम्रता दिसते, जरी माझं स्वतःचं मत प्रोटेस्टंटांच्या बाजूचं आहे. आपण भरवसा ठेवावा, निःशंक ठेवावा, पण तो भरवसा ख्रिस्तावर असावा, आपल्या भरवशावर नसावा.

आईसाठी मी मत्तयाचा २५वा अध्याय सुचवते. तुम्ही तिच्याजवळ बसून मोठ्याने वाचा. मी भुकेला होतो तेव्हा खायला दिलं, आजारी होतो तेव्हा माझा समाचार घेतला, असं राजा म्हणतो, आणि उजवीकडचे लोक चक्रावून जातात. प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं? त्यांना आठवतच नाही. ज्यांनी केलं त्यांनी हिशेब ठेवलाच नव्हता. कर्मांवर विसंबणारी माणसं अशी नसतात. ती वही घेऊन येतात, जशी लूकच्या १८व्या अध्यायातला परूशी आला, आठवड्यातून दोनदा उपास, मिळकतीचा दशांश. तुमच्या आईला विचारा, किती रोग्यांची अंथरुणं बदलली, किती बाळंतिणींजवळ रात्र काढली. ती म्हणेल, ती ड्यूटीच होती. मग भाऊ कोणत्या हिशेबावर बोट ठेवतो आहे?

ती ड्यूटी हा तिच्या तारणाचा मोबदला नव्हता. फुकट मिळालेल्या गोष्टीचं माणूस पुढे जे करतं, ते ती करत होती. इफिसकरांसच्या ज्या दोन वचनांवर भाऊ थांबतो त्यांच्या लगेच पुढचं, दहावं वचन तेच सांगतं: सत्कृत्यं करत आयुष्य चालवावं म्हणून आपण ख्रिस्तात निर्माण झालो आहोत. तेवढं एक वचन त्याला पुढे वाचायला लावा.

पण एक विचारू? तुमच्या पत्रात भाऊ बोलतो, सासूबाई बोलतात, तुम्ही बोलता. आई काय म्हणते ते कुठेच नाही. ती जागी असते एवढंच लिहिलं आहे. ती नक्की कशाला घाबरली आहे? तारखेलाच, की मरणाला? की वॉर्डातलं एखादं जुनं मरण तिच्या उशाशी येऊन बसतं, जे वाचवता आलं असतं असं तिला वाटतं? इतकी वर्षं रुग्णालयात काढलेल्या बाईच्या पोटात अशा गोष्टी असतात, आणि मुलाच्या प्रश्नाने त्या वर आल्या असतील. तुम्ही उत्तरं घेऊन जाऊ नका. तिला बोलू द्या. आणि तीन महिने झोप नाही म्हणजे डॉक्टरांना दाखवा. रक्तदाब, साखर, मन, सगळंच बघू द्या. ती स्वतः सिस्टर आहे, म्हणजे टाळाटाळ करणार हे धरूनच चाला.

मार्कच्या नवव्या अध्यायात फेफरे येणाऱ्या मुलाचा बाप आहे. माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासात मला साहाय्य कर, असं तो एका दमात ओरडतो. येशू त्याला, आधी विश्वास पक्का करून ये, असं म्हणत नाही. मुलगा बरा होतो. आईला रात्री प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर हे पुरेत.

भावाशी बोलताना त्याची दारू सुटली इथून सुरुवात करा. त्याने जे मिळवलं त्याला तुम्ही कमी लेखता असं त्याला एकदा वाटलं की पुढचं सगळं फुकट जाईल. तो आईवर चिडलेला नाही, घाबरलेला आहे. आई आपल्याला कायमची दुरावेल असं त्याला कुणीतरी पटवलं आहे. ती भीती खरी आहे आणि तिच्या मुळाशी माया आहे. पण मग दोन गोष्टी ठामपणे मागा. रात्रीच्या जेवणानंतर आईला तारणाचे प्रश्न नाहीत, फोनवरही नाहीत. आणि संगतीतल्या लोकांना घेऊन आईकडे येणं बंद, ती स्वतः बोलावील तेव्हाच. तिच्याबरोबर वचन वाचायला, प्रार्थना करायला त्याला कोण अडवतंय? उलट त्याने रोज यावं.

शेजारीणकाकूंबद्दल थोडक्यात. ज्यांचा काही दोष नसताना सुवार्तेशी ओळख झाली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकतं, असं कॅथलिक चर्चने १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत लिहून ठेवलं. प्रोटेस्टंटांत यावर एकमत नाही. भावाचं मत कडक आहे, ते त्याने बाळगावं. पण न्यायाची खुर्ची कुणाची आहे हे बायबलमध्ये स्पष्ट आहे, आणि ती त्याची नाही. आईची रोज विचारपूस करणाऱ्या बाईबद्दल त्याने घरात तसं बोलू नये, एवढं तुम्ही मोठी बहीण म्हणून सरळ सांगू शकता. त्यासाठी धर्मशास्त्र लागत नाही.

प्रभुभोजनाच्या रविवारी सासूबाईंना बरोबर यावंसं वाटलं तर जरूर आणा. त्या भाकर आणि द्राक्षारस घेणार नाहीत, त्यांच्या चर्चची शिस्त तशी आहे, त्याचा आईने राग मानू नये. आणि पाळकसाहेबांना याच आठवड्यात फोन करून घरी बोलवा. आई तीन महिने मेजाजवळ आलेली नाही हे त्यांच्या लक्षात यायला हवं होतं, पण ते आत्ता उगाळू नका. फक्त रविवारी उपासना सुटल्यावर दारातल्या गर्दीत गाठून हे सांगू नका. शांतपणे अर्धा तास मागून घ्या, आणि त्या वेळी भावालाही हजर राहायला सांगा.